लंबक, वाटी आणि फासा: अतींद्रिय अनुभव घरच्या घरी कसे तपासावेत

वाटी बोटाखालून आपोआप सरकते. स्वप्नात पाहिलेलं दुसऱ्या दिवशी घडतं. खोलीत कोणी नसताना पाठीमागे कोणीतरी उभं आहे अशी खात्रीच होते. असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो आणि त्याला वेड्यात काढणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आलेला अनुभव खराच असतो. तो कुठून आला, एवढंच शोधायचं असतं. मनाच्या कोणत्या यंत्रणेतून असे अनुभव तयार होऊ शकतात, याच्या काही चांगल्या उपपत्ती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक घरातल्या वस्तू वापरून पडताळता येतात. सुरुवात लंबकापासून करा, कारण तिथे जे कळतं ते पुढे सगळीकडे उपयोगी पडतं.

लंबक

शिवणकामाचा दोरा घ्या आणि त्याच्या टोकाला लोखंडी नट किंवा अंगठी बांधा. वजन दहा-पंधरा ग्रॅम पुरे. चिमटीपासून वजनाच्या मध्यापर्यंतची लांबी २५ सेंमी ठेवा. एवढ्या लांबीच्या लंबकाचा एक पूर्ण हेलकावा जवळजवळ बरोबर एका सेकंदात होतो, त्यामुळे नुसत्या घड्याळावर मोजता येतं. कागदावर १० सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा आणि त्यात एक उभी व एक आडवी रेघ मारा. पंखा बंद करा. कोपर टेबलावर टेकवा, दोरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, वजन कागदाच्या मध्यबिंदूवर स्थिर होऊ द्या.

आता हात हलवायचा नाही. नजर उभ्या रेघेवर वर-खाली फिरवत राहा आणि ‘असाच हलेल’ एवढंच मनात धरा. बहुतेकांचा लंबक एक-दोन मिनिटांत त्या रेघेवर झुलू लागतो. मग नजर वर्तुळावरून फिरवा. लंबक आधी डगमगतो, लंबगोल काढतो आणि हळूहळू गोल फिरायला लागतो. धरणाऱ्याला मात्र शपथेवर सांगावंसं वाटतं की मी काही केलं नाही.

हे कसं होतं ते आकड्यांत पाहा. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला दर हेलकाव्याला योग्य क्षणी नुसता बोटाचा धक्का दिला तरी झोपाळा उंच जातो. इथेही तेच होतं. चिमटी लंबकाच्या तालात दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मिलिमीटर हलली, तरी हवेचा अडथळा सोडून हिशेब केला तर दहा हेलकाव्यांत वजन मध्यापासून सुमारे दीड सेंमी दूर जाऊ लागतं. अर्धा मिलिमीटरची हालचाल डोळ्याला दिसत नाही आणि बोटालाही जाणवत नाही. दीड सेंमीचा झोका मात्र लख्ख दिसतो. कारण लपतं आणि परिणाम दिसतो, म्हणून तो परका वाटतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने याचा छडा लावला आणि १८३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाऱ्यावर धरलेला लंबक फिरत होता आणि मध्ये काच सरकवली की थांबत होता. दुसरा कोणी असता तर पाऱ्याच्या शक्तीवर ग्रंथ लिहून मोकळा झाला असता. शेव्रलने हाताला आधार दिला, तेव्हा झोका कमी झाला. डोळे बांधले आणि काच त्याच्या नकळत सरकवायला लावली, तेव्हा काचेचा परिणामच नाहीसा झाला. तुम्हीही तेच तीन बदल करा: प्रथम मनगट पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, मग दोरा थेट पुस्तकात दाबून लोंबकळू द्या आणि शेवटी डोळे बांधून कागद दुसऱ्याला फिरवायला सांगा. डोळे बांधल्यावर लंबक कदाचित झुलेलही, पण तुमच्या मनातल्या रेघेवर झुलेल, कागदावरच्या नाही.

प्रयोग फसतो तो बहुधा क्षुल्लक कारणांनी. वजन फार हलकं असेल तर श्वासानेही हलतं. दोऱ्याला पीळ असेल तर नट स्वतःभोवतीच फिरत बसतो, म्हणून आधी पाच मिनिटं टांगून पीळ उतरवा. काही जण हात लाकडासारखा ताठ धरतात. त्यांना खांदा सैल सोडायला सांगा. आणि ‘हलतोय का पाहू या’ असा संशय मनात घोळत असेल तर वेळ लागतो.

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ कार्पेंटर याने १८५२ मध्ये या उपपत्तीला नाव दिलं: कल्पनेतून थेट निघणारी हालचाल. हालचालीचा विचार मनात ठळक झाला की तिची हलकी आवृत्ती स्नायूंत उतरते, त्यासाठी वेगळा निश्चय लागत नाही. पुढचा दुवा अलीकडचा आहे. मेंदू प्रत्येक हालचालीआधी तिचा अंदाज बांधतो आणि प्रत्यक्ष संवेदना त्याच्याशी जुळवून पाहतो. जुळलं की ‘हे मी केलं’ असं वाटतं. हालचाल संवेदनेच्या उंबरठ्याखाली राहिली तर जुळवायला काही हातीच लागत नाही आणि कर्तेपण दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर जातं.

वाटी आणि पाणाड्याचा नारळ

प्लँचेट म्हणजे तीन-चार माणसांनी मिळून धरलेला लंबक. गुळगुळीत पाटावर अक्षरांच्या चिठ्ठ्या गोलात मांडतात, मध्ये उपडी वाटी ठेवतात आणि त्यावर प्रत्येकाचं एक बोट. वाटी सरकली की प्रत्येकाला वाटतं दुसरा ढकलतोय. दुसरा शपथ घेतो, आणि तीही खरी असते. पहिली दोन अक्षरं आली की तिसरं काय असणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे पुढचा प्रवास भराभर होतो. ‘आ’, मग ‘जो’ आलं की ‘बा’कडे जायला वाटीला कोणाची मदत लागत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त क्रम चुकवू नका. आधी डोळे उघडे ठेवून ओळखीचे शब्द येऊ द्या. हे केलंच पाहिजे, नाहीतर पुढे ‘आज बैठक लागलीच नाही’ ही पळवाट उरते. मग सगळ्यांचे डोळे जाड कापडाने बांधा. नाकाच्या कडेने खाली दिसतं, म्हणून गालावर कापूस ठेवून त्यावरून पट्टी बांधा. त्यानंतर बाहेरून आलेल्या माणसाने चिठ्ठ्या पिसून नव्याने मांडाव्यात, वर मोबाइल टांगून चित्रीकरण सुरू करावं आणि खोलीतून निघून जावं. तो थांबला तर त्याचा श्वास, खाकरणं, जागचं हलणंही बसलेल्यांना खूण देतं. वाटी आता सरकेल, जोरातही सरकेल, पण जिथे अक्षर पूर्वी होतं तिथे जाईल. चित्रीकरणात अक्षरं लिहून काढली की निरर्थक ओळ हाती येते. वाटी बाहेरची शक्ती चालवत असती, तर बसलेल्यांच्या डोळ्यांवरच्या पट्टीने तिचं काही अडायला नको होतं.

धक्का नेमका कुठून सुरू होतो हे पाहायचं असेल तर फॅरडेची युक्ती वापरा. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याच्या बैठकांचं वेड पसरलं होतं, तेव्हा त्याने हे साधन केलं. घरगुती रूप असं: २० बाय १५ सेंमीचे दोन जाड पुठ्ठे घ्या, त्यांच्यामध्ये चार गोल पेन्सिली समांतर ठेवा आणि दोन सैल रबरबँडांनी सगळं बांधा, म्हणजे वरचा पुठ्ठा खालच्यावर थोडा सरकेल. खालच्या पुठ्ठ्याच्या कडेला एक टाचणी आडवी खोचा, वरच्याच्या कडेला तिच्यापासून एक सेंमीवर दुसरी. नारळाच्या झापाचा हीर खराट्यातून काढून या दोन्ही टाचण्यांवर असा बसवा की त्याचं २५ सेंमीचं टोक मोकळं राहील. वरचा पुठ्ठा एक मिलिमीटर सरकला की हिराचं टोक अडीच सेंमी कलतं. हे साधन फरशीवरच्या हलक्या टीपॉयवर ठेवा आणि बसणाऱ्यांचे हात वरच्या पुठ्ठ्यावर. टीपॉय आधी हलून हातांना ओढत असेल तर हीर एका बाजूला कलेल. हात आधी ढकलत असतील तर विरुद्ध बाजूला. आधी हाताने मुद्दाम ढकलून कोणती बाजू कोणती ते नोंदवून ठेवा.

फॅरडेला दिसलं की हातच आधी सरकतात. पण त्याहून मोलाचं पुढचं आहे. दर्शक काडी बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवली की टेबल हलायचंच थांबलं. न जाणवणारा दाब दिसू लागला आणि प्रामाणिक माणसांनी तो आपसूक आवरला. कोणावरही लबाडीचा आरोप न करता केलेला याहून सुंदर खुलासा सापडणं कठीण.

आपल्याकडचा पाणाड्या याच घराण्यातला. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो शिवारात फिरतो आणि पाण्याच्या जागी नारळ उभा राहतो, किंवा हातातली बेचकी खाली वळते. दोन्ही वस्तू अशा तोलात धरलेल्या असतात की मनगट जरासं कललं तरी मोठी हालचाल होते. विहिरीला पाणी लागतं त्याचं श्रेय नारळाला जातं, पण महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा आहे आणि त्याच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत थोडंफार पाणी अनेक ठिकाणी असतं. अनुभवी माणूस ओढ्याची वळणं, झाडं, जमिनीचा उतार पाहतच असतो. ते ज्ञान खरं आहे, फक्त ते नारळाच्या तोंडून बोलतं. जर्मनीत १९८७-८८ मध्ये सुमारे ५०० पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांची ८४३ वेळा परीक्षा घेतली गेली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवत नेत आणि वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायची. काहींना ते जमतं असा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला, पण जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा एका फेरीत चमकलेली माणसं दुसऱ्या फेरीत तसं यश दाखवू शकली नव्हती.

गावात करायचं तर दहा बादल्या घ्या, एकीत पाणी भरा आणि बाकीच्यांत तेवढ्याच वजनाची वाळू. सगळ्यांवर फळ्या झाका. कोणत्या बादलीत पाणी ठेवायचं ते दर वेळी चिठ्ठी टाकून ठरवा. आधी झाकण काढून एकदा नारळ उभा राहतो ना, हे पाणाड्याकडूनच कबूल करून घ्या. मग झाकून २० वेळा. नुसत्या नशिबाने सरासरी दोनदा बरोबर येईल, सहा किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. बादल्या भरणारा आणि पाणाड्यासोबत फिरणारा ही दोन वेगळी माणसं हवीत.

डोळ्यांपुढे पांढरं, कानांत खरखर

दुसरी उपपत्ती दिसण्या-ऐकण्याची आहे. मेंदू डोळ्यांकडून येईल ते निमूटपणे उतरवून घेत नाही. समोर काय असणार याचा अंदाज तो सतत बांधतो आणि येणाऱ्या संवेदनेने तो दुरुस्त करतो. दुरुस्ती करणारी संवेदना काढून घेतली की अंदाज मोकाट सुटतो.

४० मिमीचा टेबल टेनिसचा पांढरा चेंडू शिवणीवर कापून दोन वाट्या करा, कडा बारीक सँडपेपरने घासा आणि त्यांना कागदी चिकटपट्टी लावा. छाप असलेला भाग टाळा, नाहीतर डोळा त्यालाच धरून बसतो. आडवं पडून उघड्या डोळ्यांवर वाट्या ठेवा, समोर मीटरभर अंतरावर मंद लाल दिवा. हेडफोनमध्ये रेडिओच्या दोन स्टेशनांमधली असते तशी एकसारखी खरखर, बोलण्याच्या आवाजापेक्षा हळू. २० मिनिटं डोळे मिटायचे नाहीत, मनात येईल ते मोठ्याने बोलून रेकॉर्ड करायचं. पाच-सात मिनिटांत लाल रंग राखाडी होतो, मग ठिपके, धुकं, काहींना चेहरे किंवा जागा, खरखरीतून नाव घेतल्यासारखा आवाज. झोप लागली तर प्रयोग फुकट, म्हणून जेवणानंतर करू नका. फिट येण्याचा त्रास, भास होण्याचा पूर्वेतिहास किंवा तीव्र अर्धशिशी असलेल्यांनी हा प्रयोग आणि खालचा आरशाचा प्रयोग करूच नये.

हीच मांडणी १९७० च्या दशकापासून परामानसशास्त्रज्ञांनी, म्हणजे अतींद्रिय अनुभवांचा अभ्यास करणाऱ्यांनी, विचारसंक्रमण (एकाच्या मनातलं दुसऱ्याला थेट कळणं) तपासायला वापरली. दुसऱ्या खोलीतला माणूस एक चित्र पाहत राहतो आणि पडलेला माणूस नंतर चार चित्रांतून ते निवडतो, म्हणजे नशिबाने २५ टक्के. काही संशोधकांनी ३२ टक्क्यांच्या आसपास यश नोंदवलं. १९९९ मध्ये मिल्टन आणि वाइजमन यांनी नव्या ३० अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, त्यात नशिबापलीकडचा परिणाम दिसला नाही. मूळ प्रयोगांतली एक चूक घरीही सहज होते: ज्या चित्राकडे दुसरा माणूस पाहत होता तेच चित्र निवडीला समोर ठेवलं, तर त्यावरचे बोटांचे ठसे आणि दुमडलेला कोपरा उत्तर सांगून जातात. निवडीसाठी चित्रांचा दुसरा, न हाताळलेला संच ठेवा.

आरशाचा प्रयोग याच कुळातला, पण झटपट. अंधाऱ्या खोलीत पाठीमागे एक मंद दिवा, तो आरशात दिसता कामा नये. हातभर अंतरावरून स्वतःच्या डोळ्यांत दहा मिनिटं एकटक पाहा. नजर खिळली की कडेचे तपशील विरतात आणि मेंदू रिकाम्या जागा भरतो. इटलीतल्या जिओव्हानी कापुतोने २०१० मध्ये ५० जणांवरचा निकाल छापला: ६६ टक्क्यांना चेहरा प्रचंड विद्रूप झालेला दिसला, २८ टक्क्यांना अनोळखी माणूस, १८ टक्क्यांना आई-वडिलांपैकी कोणाचा तरी बदललेला चेहरा. ‘पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की गुप्तधन दिसतं’ ही आपल्याकडची समजूत वाचताना हे आकडे लक्षात ठेवा. मंद प्रकाश आणि लांबलेलं टक लावून पाहणं असलं की काहीतरी दिसणारच.

पाठीमागे कोणीतरी असल्याची जाणीव घरी तयार करता येत नाही, पण तिच्या मुळाचा एक धागा सापडलेला आहे. २००६ मध्ये एका स्त्री रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर-मागे असलेल्या भागाला तपासणीदरम्यान विजेची हलकी उत्तेजना दिली, तेव्हा तिला जवळ एक सावलीसारखी व्यक्ती जाणवली. ती आडवी असताना ती व्यक्तीही खाली आडवी, ती गुडघे कवटाळून बसली तेव्हा ती व्यक्ती तिला कवटाळून बसलेली. आपल्याच शरीराचा नकाशा जागेवरून सरकला होता. झोपेतून जाग येताना छातीवर कोणी बसल्याचं वाटतं आणि हलता येत नाही, तेव्हा स्वप्नावस्थेतली स्नायूंची शिथिलता जाग आल्यावरही क्षणभर टिकलेली असते. हे उताणं झोपल्यावर जास्त होतं. कुशीवर झोपा, झोपेची वेळ पाळा आणि त्या क्षणी फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा.

खरी ठरणारी स्वप्नं

इथे यंत्रणा स्मृतीची आहे. लागलेलं स्वप्न आठवतं, न लागलेली शेकडो सकाळच्या चहाआधी विरून जातात. समजा, एखादं स्वप्न निव्वळ योगायोगाने दुसऱ्या दिवशी ठळकपणे लागण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे. तरी वर्षभरात शंभरातल्या तीन-चार जणांना असा अनुभव येईल, म्हणजे एक लाख वस्तीच्या गावात दर वर्षी सुमारे ३,६०० जणांना. प्रत्येक जण दहा जणांना सांगेल, आणि ज्यांचं लागलं नाही ते काहीच बोलणार नाहीत.

वही उशाशी ठेवा. जाग येताच, मोबाइल हातात घेण्याआधी, तारीख-वेळ टाकून स्वप्न लिहा आणि वही दुसऱ्याच्या ताब्यात द्या. रात्री वेगळ्या वहीत दिवसाच्या घडामोडी पाच-सहा ओळींत लिहा, स्वप्नाचा उल्लेख न करता. ६० दिवस झाले की तिसऱ्या माणसाने प्रत्येक स्वप्नासमोर चार दिवसांच्या नोंदी ठेवाव्यात: एक खऱ्या दुसऱ्या दिवसाची, तीन इतर दिवसांच्या, तारखा आणि सणवार झाकून. तुम्हाला माहीत नसलेल्या चौथ्या माणसाने सर्वांत जुळणारा दिवस निवडावा. साठांत सरासरी १५ नशिबानेच जुळतात. लोक इथे एक चूक हमखास करतात: ‘पाणी दिसलं’ असं स्वप्न आणि ‘नळ गेला’ असा दिवस यांची जोडी नंतर लावतात. जुळलं कशाला म्हणायचं हे पहिल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवा.

दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात परामानसशास्त्रज्ञ राइन यांनी यासाठी पाच चिन्हांचे पत्ते वापरले: वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन, तारा. ते विकत घ्यायची गरज नाही. सहा बाजूंचा फासा टाका, एक ते पाच म्हणजे पाच चिन्हं, सहा आला तर पुन्हा टाका. चिन्ह मनाने निवडू नका. माणूस स्वतःहून एकच चिन्ह लागोपाठ दोनदा क्वचित निवडतो, आणि ओळखणाराही तीच सवय घेऊन बसलेला असतो. दोघांच्या सवयी जुळल्या की विचारसंक्रमण झाल्यासारखं दिसतं.

दोघं वेगळ्या खोल्यांत, दार बंद, दोघांकडे जुळवलेली घड्याळं: दर १५ सेकंदांना एक चिन्ह. पाठवणाऱ्याने ‘झालं’ म्हणून ओरडायचं नाही, कारण आवाजाचा चढउतारही खूण ठरतो. दोघांनीही आपापल्या कागदावर पेनाने लिहायचं, पेन्सिलने नाही. मधेमधे बरोबर-चूक सांगायचं नाही. आकडा आधी ठरवा: १०० वेळा, एकही कमी-जास्त नाही. रंगात आल्यावर थांबणं ही सर्वांत मोठी फसगत आहे, कारण कोणतीही रांग मधेच कधीतरी वर असतेच.

१०० मध्ये नशिबाने सरासरी २० बरोबर येतात आणि १६ ते २४ मध्ये बहुतेक जण सापडतात. २८ किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात सुमारे साडेतीन. पण दहा जणांनी परीक्षा दिली तर त्यांतल्या निदान एकाला २८ पडण्याची शक्यता जवळजवळ ३० टक्के होते, आणि गप्पांत मग त्या एकाचीच गोष्ट राहते. म्हणून ज्याला २८ पडले त्याची ती फेरी मोजायची नाही, फक्त निवडीला वापरायची. दुसऱ्या दिवशी नवे फासे, नवा पाठवणारा, कागद तपासायला आदल्या दिवशीचा निकाल ठाऊक नसलेला माणूस, आणि पुन्हा १००. कागद मात्र दोन्ही दिवसांचे जपून ठेवा, १७ आलेलेही.